तीनशे विजय म्हणजे तीनशे बळी नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या क्रीडा पानावर जस्टिन व्हर्लँडर या अमेरिकन बेसबॉल पिचरविषयी, म्हणजे तिथल्या गोलंदाजाविषयी, एक चौकट होती. मराठी दैनिकात बेसबॉलला जागा मिळाली म्हणून आनंद झाला आणि चहा बाजूला ठेवून वाचायला घेतली. तिच्यात लिहिलं होतं की व्हर्लँडरला '३०० बळींचा टप्पा' गाठायला अजून ३४ बळी हवेत. या एका शब्दासाठी हे पत्र लिहितो आहे. ते बळी नव्हेत, विजय आहेत. बळीच मोजायचे तर त्याने नुसते स्ट्राइकआउट केलेले, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले, बॅटर साडेतीन हजारांवर आहेत. ३०० विजय ही वेगळी नोंद आहे आणि माझ्या मते खेळांच्या जगातली सर्वांत अवघड नोंदींपैकी एक. अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, दीडशे वर्षांच्या मेजर लीगमध्ये, फक्त २४ पिचर तिथे पोचले. चोविसावा पोचला तो ४ जून २००९ रोजी. त्याच्यानंतर आजपर्यंत कोणी नाही.

हे मी ठामपणे सांगू शकतो, कारण त्या दिवशी मी मैदानात होतो.

मी बेसबॉल खेळलेलो नाही. मुंबईच्या मैदानांवर क्रिकेटचा स्कोअरर म्हणून माझी हयात गेली. नोकरी बँकेत, पण रविवार आझाद मैदान, क्रॉस मैदान नाहीतर शिवाजी पार्कच्या तंबूत. कांगा लीगच्या पावसात कागद भिजतो आणि शाई पसरते, म्हणून मी कायम पेन्सिलीनेच लिहीत आलो. २००९ च्या मे महिन्यात मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं व्हर्जिनियात, आर्लिंग्टनला गेलो. नात झाली. घरात बायकांची गडबड, जावई कामावर, आणि मला दिवसभर करायला काही नाही. शेजारी ऐंशीच्या घरातले एक आजोबा एकटेच राहत. संध्याकाळी ओट्यावर बसून रेडिओ ऐकायचे आणि मांडीवरच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने काहीतरी नोंदत राहायचे. तिसऱ्या दिवशी मी कुंपणापाशी गेलो आणि ते काय लिहितात ते बघितलं. स्कोअर लिहीत होते! माझं इंग्रजी बँकेपुरतं, पण स्कोअरच्या वहीला भाषा लागत नाही. एका आठवड्यात त्यांनी मला सगळं शिकवलं. मैदानावरच्या प्रत्येक जागेला एक आकडा असतो. पिचर १, कॅचर २, पहिल्या बेसवरचा ३, शॉर्टस्टॉप ६. चेंडू सहाने अडवून तीनकडे फेकला आणि बॅटर बाद झाला, की लिहायचं ६-३. स्ट्राइकआउटला इंग्रजी 'के' हे अक्षर. आणि बॅटरने बॅट न फिरवता, नुसतं बघत राहून तिसरा स्ट्राइक जाऊ दिला, तर तोच 'के' उलटा काढायचा. आपल्याकडे निर्धाव षटकात बळी मिळाला की सहा टिंबं जोडून आम्ही इंग्रजी 'डब्ल्यू' काढतो, तसंच हे. पन्नास वर्षांनी कोणी वही उघडली तरी बॅटर तिथे उभा राहून बघत होता, एवढं कळतं.

त्याच आजोबांनी मला 'विजय' म्हणजे काय ते समजावलं. आपल्या वाचकांसाठी ते इथे लिहितो. सामना संघ जिंकतो, पण तो विजय प्रत्येक वेळी एकाच पिचरच्या नावावर नोंदला जातो. सामना सुरू करणाऱ्या पिचरने नऊपैकी निदान पाच इनिंग टाकल्या पाहिजेत. तो बाहेर पडताना त्याचा संघ पुढे असला पाहिजे. आणि तो बाहेर पडल्यावर, पुढचे पिचर आत असताना, ती आघाडी शेवटपर्यंत टिकली पाहिजे. मधे एकदा जरी बरोबरी झाली तरी विजय त्याच्या नावावर लागत नाही, मग संघ नंतर जिंको वा हरो. म्हणजे नोंद एकाच्या नावावर, पण तिच्यातलं अर्धं काम त्याच्या हातात नसतं. धावा करणार दुसरे. त्याने हात शेकत बाकावर बसायचं आणि शेवटच्या तीन इनिंग टाकणार तिसरेच.

आता ४ जूनकडे येतो. रँडी जॉन्सन तेव्हा ४५ वर्षांचा होता. सहा फूट दहा इंच उंचीचा डावखुरा. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून खेळत होता आणि नावावर २९९ विजय होते. सामना खरा बुधवारी, ३ तारखेला, वॉशिंग्टनमध्ये. आजोबा आणि मी मेट्रोने नेव्ही यार्ड स्टेशनला उतरलो, छत्र्या उघडून तासन्‌तास बसलो आणि पावसामुळे खेळ रद्द झाल्यावर परत आलो. मला त्याचं काही वाटलं नाही, कांगा लीगमध्ये असे शेकडो रविवार काढले आहेत. गुरुवारी एकाच दिवशी दोन सामने ठेवले. दुपारी पुन्हा रिपरिप. स्टेडियम जवळपास रिकामं. ज्या नोंदीसाठी माणसं वर्षानुवर्षं थांबतात ती बघायला त्या ओल्या खुर्च्यांवर तुरळक माणसं बसली होती. मध्यमैदानाच्या दारापाशी वॉल्टर जॉन्सनचा नवा पुतळा होता. आजोबा त्याच्यापाशी थांबले, टोपी काढली. हा दुसरा जॉन्सन, वॉशिंग्टनचाच. १९०७ ते १९२७ एकाच संघाकडून ४१७ विजय. त्याच्यापुढे फक्त साय यंग, ५११. पण आजोबांनी मला सांगितलं ते वेगळंच: हाच माणूस वीसहून जास्त सामने १-० ने हरला. एक धाव दिली आणि तरी पराभव त्याच्या नावावर.

रँडी जॉन्सनने सहा इनिंग टाकल्या. दोन हिट दिले. जी एक धाव गेली ती क्षेत्ररक्षणातल्या चुकीतून, त्याच्या हिशेबात न धरण्यासारखी. ७८ चेंडू झाले आणि त्याला बसवलं. जायंट्स २-१ ने पुढे. सहा इनिंगनंतर त्याच्या हातात काही उरलं नाही. डगआउटमध्ये जाकीट घालून बसलेली ती उंच आकृती मी आमच्या जागेवरून बघत होतो. आठव्या इनिंगमध्ये वॉशिंग्टनच्या बॅटरनी तिन्ही बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचे थांबे, भरले. दोन बाद. जायंट्सचा ब्रायन विल्सन चेंडू टाकायला आला. समोर ॲडम डन, धिप्पाड, चेंडू स्टेडियमबाहेर घालवणारा. एक साधा हिट आणि ३०० वा विजय गेला. मोजणी तीन बॉल, दोन स्ट्राइक: आणखी एक बॉल, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू, पडला तर फुकट बेस आणि बरोबरी, स्ट्राइक पडला तर डन बाद. पुढचा चेंडू गुडघ्याच्या उंचीवर, डन बघत राहिला आणि पंचाचा हात वर गेला. आजोबांच्या पुठ्ठ्यावर मी पाहिलं: त्यांनी उलटा 'के' काढला. ऐंशीचा हात, पण रेघा सरळ. मग पेन्सिल खिशात ठेवली आणि दोन्ही हातांनी चेहरा पुसला. पावसाचं पाणी होतं की काय ते मी विचारलं नाही.

नवव्या इनिंगमध्ये जायंट्सने आणखी तीन धावा काढल्या, सामना ५-१ ने संपला. जॉन्सन बाहेर आला, संघाचा बॅटबॉय म्हणून आलेल्या आपल्या मुलाला त्याने मिठीत घेतलं आणि त्या तुरळक लोकांपुढे टोपी उंचावली. एक गोष्ट मला घरी आल्यावर आजोबांनी सांगितली. १९८८ मध्ये जॉन्सनने कारकीर्द सुरू केली ती माँट्रियल एक्स्पोज संघातून. तो संघ २००५ मध्ये कॅनडातून उठून वॉशिंग्टनला आला आणि त्याचं नाव नॅशनल्स झालं. म्हणजे ज्यांच्याकडून पहिला विजय नोंदवला, त्यांच्याविरुद्धच तीनशेवा.

व्हर्लँडरच्या चौकटीत आणखी एक वाक्य होतं, 'असे विक्रम जन्मजात प्रतिभेचे असतात.' हे मला मान्य नाही. १९९३ चा मोसम संपला तेव्हा जॉन्सन ३० वर्षांचा होता आणि त्याच्या नावावर फक्त ६८ विजय होते. त्याआधी सलग तीन वर्षं आपल्या लीगमध्ये सर्वांत जास्त फुकट बेस देणारा पिचर तोच होता. चेंडू वेगवान, पण कुठे जाईल याचा भरवसा नाही. १९९२ मध्ये नोलन रायनने आणि टेक्सासच्या प्रशिक्षकाने त्याला दाखवून दिलं की चेंडू सोडताना त्याचं पाऊल टाचेवर पडतंय, त्यामुळे अंग एका बाजूला झुकतंय. रायन म्हणजे प्रतिस्पर्धी संघाचा पिचर! त्याच वर्षी नाताळच्या दिवशी जॉन्सनचे वडील गेले. त्यानंतर त्याने जे केलं ते सगळ्यांपुढे आहे: १९९३ नंतरचे २३५ विजय, वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला मिळणारी पाच साय यंग पारितोषिकं, चाळिसाव्या वर्षी एकही बॅटर बेसवर न जाऊ दिलेला एक संपूर्ण सामना. पाठीच्या शस्त्रक्रियाही झाल्या. ३०३ विजयांवर थांबला. ज्याला कोणी पाऊल कसं टाकायचं हे शिकवलं, त्याला निव्वळ जन्मजात म्हणून कसं चालेल?

त्या मे महिन्यात जन्मलेली माझी नात आता सोळा वर्षांची आहे, शाळेच्या संघात सॉफ्टबॉल खेळते. दर रविवारी सकाळी, तिच्याकडे शनिवारची रात्र असते, आमचं व्हिडिओवर बोलणं होतं. तिला आपली चौकट वाचून दाखवली. ती म्हणाली, "आजोबा, विजय हा आकडा आता कोणी बघत नाही. तो पिचरचा आकडाच नाही." तिचा मुद्दा चुकीचा नाही. २०१८ मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमने दर नऊ इनिंगमागे १.७० धावा दिल्या, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. विजय किती? १० आणि पराभव ९. त्याचा संघ धावाच करत नव्हता. साय यंग पारितोषिक मात्र त्यालाच मिळालं आणि ते योग्यच होतं. तिला मी आणखी एक उदाहरण दिलं. १९८७ मध्ये नोलन रायन ४० वर्षांचा, लीगमध्ये सर्वांत कमी धावा देणारा, सर्वांत जास्त २७० स्ट्राइकआउट करणारा, आणि नोंद? ८ विजय, १६ पराभव. ती हसून म्हणाली, "बघा, मग?"

मग मी तिला तो हिशेब पुढे न्यायला सांगितला. रायनचे शेवटी ३२४ विजय झाले. पराभव २९२. इतके पराभव सोसूनही तो तीनशेच्या पुढे गेला. एका मोसमाचा विजय नशिबावर जातो, हे खरं. पण वीस-बावीस मोसमांत नशीब दोन्ही बाजूंनी फिरून येतं आणि मग जे उरतं ते एवढंच: हा माणूस दर चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा चेंडू मागायला आला. हरला तरी आला. १९७२ मध्ये फिलाडेल्फियाचा संघ ९७ सामने हरला आणि ५९ जिंकला, त्या ५९ पैकी २७ विजय एकट्या स्टीव्ह कार्लटनच्या नावावर. तो गाडा ओढायला तो ४१ वेळा मैदानात उतरला. नातीने ते आकडे स्वतः तपासले आणि फोन ठेवायच्या आधी म्हणाली, "ठीक आहे, कार्लटन वेगळा." सोळाव्या वर्षी एवढं कबूल करणं पुष्कळ झालं. आपल्याकडे पद्माकर शिवलकरांनी ५८९ प्रथम श्रेणी बळी घेतले आणि कसोटीची टोपी मिळाली नाही. आकडा आणि नशीब यांचं नातं मला त्यांच्या गोलंदाजीने फार आधी शिकवलं होतं, तिला ते बेसबॉलने शिकवलं तर उत्तमच.

आता मी चुकांबद्दल इतका हळवा का, ते सांगतो.

क्रिस्टी मॅथ्यूसन हा न्यूयॉर्क जायंट्सचा पिचर. त्याच्या नावावर ३७२ विजय होते. पहिल्या महायुद्धात लष्करात असताना त्याच्या फुप्फुसांत विषारी वायू गेला, पुढे क्षय झाला आणि १९२५ मध्ये तो वारला. ग्रोव्हर क्लीव्हलँड अलेक्झांडर त्याच्या मागे होता. तोही युद्धावरून आलेला, तोफखान्यात राहून कानाने अधू, फिट्स येणारा. १९२९ च्या ऑगस्टमध्ये अलेक्झांडरने ३७३ वा विजय मिळवला. मॅथ्यूसनला मागे टाकलं असं त्याला वाटलं, सगळ्यांनाच वाटलं. त्यानंतर तो एकही सामना जिंकला नाही. आणि मग १९४० च्या दशकात कोणीतरी जुन्या वह्या चाळल्या. १९०२ च्या एका सामन्याचा विजय मॅथ्यूसनच्या नावावर लागायला हवा होता, तो लागलाच नव्हता. मॅथ्यूसनचे ३७३ झाले. आज पुस्तकांत दोघं बरोबरीत उभे आहेत. एक कधीच गेलेला, दुसरा हयात, म्हातारा, हलाखीत. चाळीस वर्षांपूर्वी कोणा एका माणसाने एका रकान्यात एक रेघ मारली नाही म्हणून दोन आयुष्यांचा हिशेब इतकी वर्षं चुकीचा राहिला.

ही गोष्ट मला कळली त्या रात्री झोप लागली नाही. कारण तसा रकाना माझ्याही हातून चुकला आहे. १९८६ चा पावसाळा, रविवार, क्रॉस मैदान. कनातीवरून पाणी गळत होतं आणि वहीवर मी रुमाल धरला होता. षटकाच्या शेवटच्या चेंडूवर झेल उडाला, पंचाचं बोट मला दिसलं नाही, गडबड झाली, आणि तो बळी मी पुढच्या षटकाच्या गोलंदाजाच्या नावावर लिहिला. सामना संपल्यावर वीस-बावीस वर्षांचा एक मध्यमगती गोलंदाज तंबूत आला. "काका, माझे पाच होते." मी वही दाखवली. चार. तो वहीकडे बराच वेळ बघत राहिला, 'बरं' म्हणाला आणि गेला. पाच बळींची नोंद असती तर त्याचं नाव पुढे वाचलं गेलं असतं, चार बळी कोण बघतो? दोन वर्षांनी दुसऱ्या संघाच्या स्कोअररची वही हाती आली आणि त्यात त्याचे पाच होते. मी माझी वही दुरुस्त केली, बाजूला सही केली, तारीख घातली. त्याला शोधून काढलं तेव्हा तो नोकरीला लागला होता, क्रिकेट सुटलं होतं. त्याने मला चहा पाजला, रागावला नाही. ते मला जास्त लागलं.

म्हणून आपल्या चौकटीतला 'बळी' हा शब्द मला सहज सोडून देता आला नाही.

नोंद चुकते ती फक्त हातून नाही. चार्ल्स रॅडबर्नने १८८४ मध्ये एका मोसमात किती विजय मिळवले, हे विचारा. काही पुस्तकांत ५९, काहींत ६०. एक विजय कोणाचा धरायचा यावर एकमत नाही. तेव्हाचे नियम आजच्यासारखे पक्के नव्हते. आणि काही विजय तर वहीत येऊच दिले नाहीत. सॅचेल पेज या कृष्णवर्णीय पिचरला केवळ कातडीच्या रंगामुळे मेजर लीगचं दार १९४८ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी उघडलं. २४ जणांची यादी वाचताना मी त्याचं नाव मनात पंचविसावं धरतो. कोणी त्याला अशास्त्रीय म्हटलं तरी धरतो.

तीनशेव्या विजयांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो फिल नीक्रोचा. ६ ऑक्टोबर १९८५, मोसमाचा शेवटचा दिवस, टोरांटो. नीक्रो ४६ वर्षांचा, यँकीजकडून खेळत होता, आधीच्या चार प्रयत्नांत तीनशेवा हुकला होता. वडील रुग्णालयात अत्यवस्थ. ओहायोतले कोळसा खाणीचे कामगार असलेल्या या वडिलांनीच त्याला लहानपणी नकलबॉल शिकवला होता. बोटांची टोकं चेंडूवर रुतवून तो असा सोडायचा की चेंडू फिरतच नाही, हवेत डोलत जातो, आणि बॅटरलाच काय, कॅचरलाही तो कुठे जाईल ते कळत नाही. नीक्रोची सगळी कारकीर्द त्या एका चेंडूवर उभी होती. आणि त्या दिवशी त्याने तो टाकलाच नाही. साधे चेंडू टाकत सगळ्या इनिंग काढल्या. नवव्या इनिंगमध्ये शेवटचा बॅटर जेफ बरोज समोर आला तेव्हा मात्र वडिलांचा चेंडू बाहेर काढला. स्ट्राइकआउट. ८-०. धाकटा भाऊ जो, तोही पिचर, त्या वेळी त्याच संघात होता. हे वाचताना मला आजोबांचा पुठ्ठा आठवतो. त्या शेवटच्या 'के'च्या बाजूला कोणी स्कोअररने काही खूण केली असेल का?

व्हर्लँडरकडे परत येतो, कारण आपले वाचक त्याच्याविषयी पुढेही वाचतील. फेब्रुवारी १९८३ चा जन्म. २०२० मध्ये कोपराची मोठी शस्त्रक्रिया झाली, २०२१ पूर्ण बसून काढलं आणि २०२२ मध्ये ३९ व्या वर्षी परत येऊन १८ विजय, ४ पराभव. या शस्त्रक्रियेला ज्याचं नाव आहे तो टॉमी जॉनही पिचरच. १९७४ मध्ये त्याच्यावर ती पहिल्यांदा झाली. शस्त्रक्रियेआधी १२४ विजय, नंतर १६४. एकूण २८८. बारा कमी पडले. २०२५ मध्ये व्हर्लँडर जॉन्सनच्याच सॅन फ्रान्सिस्कोत होता. पहिले सोळा सामने झाले, एकही विजय नाही. काही दिवशी त्याने उत्तम टाकलं आणि संघाने धावा केल्या नाहीत, काही दिवशी त्याचाच हात चालला नाही. जुलै संपत आला तेव्हा पहिला विजय लागला. मोसमाअखेर चार विजय, अकरा पराभव. एकूण २६६. आता पिचरला चेंडू मोजून काढून घेतात, पाच जण आळीपाळीने येतात, सातव्या-आठव्या इनिंगला ताजा हात आणतात. साय यंगने कारकिर्दीत सातशेहून जास्त सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने टाकले होते, ते दिवस गेले. त्रेचाळिसाव्या वर्षी ३४ विजय मागणं फार आहे. तरी माझी इच्छा आहे की त्याने ते मागावेत.

संपादक महोदय, माझी विनंती दोन गोष्टींची आहे. एक, 'बळी' ऐवजी 'विजय' अशी दुरुस्ती छापावी, कोपऱ्यात दोन ओळींची चालेल. दुसरी, पुढेमागे कोणी पंचविसावा झालाच, तर नुसता हात उंचावलेला फोटो छापू नका. खाली, बारीक टायपात का होईना, सामन्याचं पूर्ण स्कोअरकार्ड द्या. १९६३ मध्ये अर्ली विन ४३ वर्षांचा होता, संधिवाताने पाय धरलेला, आधीच्या संघाने सोडून दिलेला. क्लीव्हलँडने त्याला घेतलं. १३ जुलैला कॅन्सस सिटीत तो कशाबशा पाच इनिंग टाकून ५-४ च्या आघाडीवर बाहेर आला. ३०० वा विजय त्याच्या नावावर लागला आणि तोच त्याचा शेवटचा ठरला. उरलेल्या चार इनिंग जेरी वॉकरने टाकल्या, एकही धाव न देता. क्लीव्हलँडने तो सामना ७-४ ने जिंकला. वॉकरचं नाव स्कोअरकार्डात विनच्या खालच्या ओळीत आहे.

शेजारचे आजोबा २०१४ मध्ये गेले. ४ जूनचा तो पुठ्ठा त्यांनी मी निघताना मला दिला होता, तो माझ्याकडे आहे. पावसाचे डाग पडलेत, पण आठव्या इनिंगच्या चौकोनातला उलटा 'के' स्वच्छ दिसतो. आपल्या क्रीडा विभागातल्या कोणाला बघायचा असेल तर कोणत्याही दुपारी यावं.

आपला,
एक निवृत्त स्कोअरर,
डोंबिवली (पूर्व)